क्लिफ रिचर्ड ऐकायचा, पण सुरुवात कुठून करायची?

१९५८ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये सतरा वर्षांच्या एका मुलाची पहिली रेकॉर्ड निघाली. पुढच्या बाजूला 'स्कूलबॉय क्रश' नावाचं गोडगोड गाणं होतं. कंपनीची सगळी भिस्त त्याच्यावर होती. मागच्या बाजूला काहीतरी हवं म्हणून 'मूव्ह इट' घातलं होतं. मुलाच्या बँडमधल्या इयान सॅमवेल या गिटारवादकाने ते बसमध्ये बसून लिहिलेलं. टीव्हीवर 'ओ बॉय!' हा कार्यक्रम करणाऱ्या जॅक गुडने दोन्ही बाजू ऐकल्या आणि आपल्या कार्यक्रमात मागचंच गाणं हवं असा हट्ट धरला. मग मागची बाजू पुढची झाली आणि 'मूव्ह इट' ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. ब्रिटनमध्ये तयार झालेलं पहिलं खरंखुरं रॉक अँड रोल म्हणून आजही बहुतेक जण याच गाण्याचं नाव घेतात.

तो मुलगा म्हणजे क्लिफ रिचर्ड. जन्म १९४० चा, लखनौचा. मूळ नाव हॅरी वेब. १९४८ मध्ये कुटुंब भारत सोडून इंग्लंडला गेलं. त्या पहिल्या रेकॉर्डनंतर त्याचं गाणं थांबलंच नाही. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेली त्याची सिंगल्स चौदा आहेत आणि १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत एकही दशक त्यातून सुटलेलं नाही. १९८९ मध्ये त्याचं शंभरावं सिंगल आलं. २०१३ मध्ये सगळे प्रकार मिळून शंभरावा अल्बम आला, आणि त्यानंतरही तो गातच राहिला.

हे आकडे वाचून ऐकायला बसलं की माणूस गोंधळतो. गाण्यांच्या अ‍ॅपवर त्याचं नाव टाकलं की एकच गाणं वीस ठिकाणी दिसतं. कुठे साल १९५९, कुठे २००९. एकाच गाण्याची लांबी दोन ठिकाणी वेगळी. ज्या कंपनीशी त्याचा कधी संबंध आला नसेल, तिच्या नावावरही त्याच्या सुरुवातीच्या गाण्यांचे संच. यातलं चूक काही नाही. साठ-पासष्ट वर्षांत रेकॉर्ड बनवण्याची पद्धत बदलली, विकण्याची बदलली, कायदाही बदलला आणि त्या प्रत्येक बदलाचा थर या ढिगात साठला आहे. थर ओळखता आले की ढीग आपोआप सुटा होतो. म्हणून गाणं निवडण्याआधी मी दोन प्रश्न विचारतो: हे रेकॉर्डिंग केलं तेव्हा खोलीत कोण होतं, आणि ते आज कोणाच्या मालकीचं आहे?

गाणं एक, रेकॉर्डिंग अनेक

सगळ्यात आधी एक फरक पक्का करायला हवा. गाणं म्हणजे शब्द आणि चाल. रेकॉर्डिंग म्हणजे एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट माणसांनी ते गाणं गाऊन-वाजवून फितीवर उतरवलेला आवाज. गाणं लिहिणाऱ्याचं असतं, रेकॉर्डिंग बहुधा कंपनीचं.

'लिव्हिंग डॉल' घ्या. लायोनेल बार्टने ते 'सीरियस चार्ज' या चित्रपटासाठी लिहिलं. चित्रपटात ते जलद, रॉक अँड रोलच्या चालीने येतं. रेकॉर्ड करायची वेळ आली तेव्हा गिटारवादक ब्रूस वेल्चने सुचवलं की याचा वेग उतरवू आणि कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण धाटणीच्या संगीताच्या अंगाने गाऊ. ती संथ आवृत्ती १९५९ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. क्लिफचं ते पहिलं नंबर एक. पुढे १९८६ मध्ये टीव्हीवरच्या विनोदी नटांसोबत, मदतनिधीसाठी त्याने तेच गाणं पुन्हा केलं आणि तेही पहिल्या क्रमांकावर गेलं. गाणं एकच, पण चित्रपटातलं जलद, १९५९ चं संथ आणि १९८६ चं दंगेखोर अशी तीन वेगळी रेकॉर्डिंग्ज. 'लिव्हिंग डॉल ऐकलं' असं कुणी म्हणालं तर त्यातलं कोणतं ऐकलं, हे विचारायलाच हवं.

ही गोष्ट त्याच्या बाबतीत वारंवार घडते. २००९ मध्ये त्याने आणि शॅडोज या त्याच्या जुन्या साथीदारांनी 'रियुनायटेड' नावाच्या अल्बमसाठी जुनी गाणी नव्याने रेकॉर्ड केली. त्यात गाणारा माणूस अठरा-एकोणीस वर्षांचा नसून जवळजवळ सत्तरीतला आहे. गळा अजून स्वच्छ आहे, वादन पहिल्यापेक्षा सफाईदार आहे, पण १९५८ मधली ती धाकधूक त्यात नाही. मला दोन्ही आवडतात. मात्र पहिल्यांदा ऐकणाऱ्याने मूळ रेकॉर्डिंगच आधी ऐकावं.

ओळखायचं कसं? अल्बमच्या माहितीत तळाशी वर्तुळातल्या पी या अक्षरापुढे साल असतं. ते रेकॉर्डिंगच्या हक्काचं साल. वर्तुळातला सी वेगळा, तो मुखपृष्ठ आणि मजकुराचा. जुन्या गाण्यापुढे २००९ दिसलं तर बहुधा नवं गायन समजावं. 'रीमास्टर' हा शब्दही असेल तर गायन जुनंच, फक्त मूळ फितीवरून आवाज पुन्हा साफ करून, उंचसखल नीट बसवून घेतलेला. निगेटिव्हवरून फोटोची नवी प्रत काढावी तसं ते आहे. फोटोतला चेहरा बदलत नाही.

आणखी एक प्रकार अलीकडचा. २०२३ मध्ये 'क्लिफ विथ स्ट्रिंग्ज' निघाला. त्यात गळा जुन्या रेकॉर्डिंगमधला आणि मागचा वाद्यवृंद आजचा. त्याच्या अगदी पहिल्या रेकॉर्डी झाल्या तेव्हा गायक आणि वादक एकाच खोलीत, एकाच वेळी गात-वाजवत होते, त्यामुळे सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळून फितीवर उतरायचे. सत्तरच्या दशकात प्रत्येक वाद्याला आणि गळ्याला फितीवर स्वतंत्र पट्टा मिळू लागला. पट्टे सुटे असले की एकाला काढून दुसरा घालता येतो. असे अल्बम मी सर्वात शेवटी ठेवतो. मूळ साथ कानात बसलेली असेल, तरच बदललेल्या साथीची गंमत कळते.

सिंगल, ईपी, एलपी

साठच्या दशकातल्या ब्रिटनमध्ये सिंगल आणि अल्बम हे दोन वेगळे माल समजले जात. सिंगल म्हणजे सात इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी, दोन बाजूंना दोन गाणी. एलपी म्हणजे बारा इंची, ३३ फेऱ्यांची, दोन्ही बाजू मिळून बारा ते सोळा गाणी. मधली ईपी म्हणजे सिंगलच्याच आकारात चार गाणी. सिंगलवर आलेलं गाणं पुन्हा एलपीवर घालायचं नाही, असा तेव्हा सर्वसाधारण रिवाज होता. पोरांनी एकदा पैसे मोजले ते पुन्हा कशाला मोजतील, असा त्यामागचा हिशेब.

याचा परिणाम आज ऐकणाऱ्यावर होतो. क्लिफचे साठच्या दशकातले मूळ अल्बम क्रमाने ऐकले तर त्याची बरीच गाजलेली गाणी वाटेत भेटतच नाहीत. त्या काळासाठी संकलनाला पर्याय नाही. १९७७ चं 'फॉर्टी गोल्डन ग्रेट्स' हे संकलन स्वतःच पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, आणि वीसएक वर्षांची सिंगल्स एका जागी ऐकायला ते आजही उत्तम आहे.

सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून मात्र हिशेब उलटा होतो. तोवर एलपी हीच मुख्य वस्तू झालेली होती, सिंगल्स तिच्यातूनच काढली जात. त्यामुळे त्या काळातलं संकलन ऐकलं तर पानं फाडलेलं पुस्तक वाचल्यासारखं होतं. १९७६ नंतर संकलन सोडून अल्बम धरावा.

खोलीत कोण होतं

'मूव्ह इट' ऐकताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत कडाडून उतरणारी जी गिटार लागते, ती क्लिफच्या बँडमधल्या कुणाची नाही. ती अर्नी शिअर यांची. कंपनी ज्या नावाखाली रेकॉर्डी काढायची, त्या कोलंबिया या लेबलचे निर्माते नॉरी पॅरामोर होते. नवशिक्या पोरांवर विसंबायला नको म्हणून त्यांनी स्टुडिओत रोजंदारीवर वाजवणारे अनुभवी वादक बोलावले. इंग्रजीत त्यांना सेशन म्युझिशियन म्हणतात. बासवर फ्रँक क्लार्क होते. त्यांना त्या दिवसाची बिदागी मिळाली आणि काम संपलं. हे कोलंबिया लेबल ब्रिटनच्या ईएमआय कंपनीचं. अमेरिकेतल्या कोलंबियाशी त्याची गल्लत करू नये.

पॅरामोर हा त्या पहिल्या दशकाचा कणा आहे. ते मूळचे वाद्यवृंदाच्या जगातले आणि त्यांचा कल मधुर गाण्यांकडे. त्यांची आणि रॉकची ओढाताण स्पष्ट ऐकायची असेल तर १९५९ चा 'क्लिफ सिंग्ज' लावा. जवळपास अर्धी गाणी बँडसोबत आणि अर्धी पॅरामोरच्या तंतुवाद्यांसोबत आहेत. एकाच तबकडीवर दोन गायक असावेत असं वाटतं. त्याआधीचा 'क्लिफ' हा पहिलाच अल्बम तर अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओत निमंत्रित श्रोते बसवून रेकॉर्ड केलेला. मुलींच्या किंकाळ्या गाण्यात सतत येतात. जिवंत कार्यक्रमाची हवा आणि स्टुडिओतला आवाज एकदमच मिळवायची ती धडपड होती.

बँडचं नाव आधी ड्रिफ्टर्स होतं. अमेरिकेत त्याच नावाचा प्रसिद्ध गट असल्यामुळे ते बदलून शॅडोज केलं. हँक मार्विन, ब्रूस वेल्च, जेट हॅरिस, टोनी मीहन. हे चौघे साथीदार तर होतेच, पण स्वतंत्रपणेही तितकेच मोठे ठरले. १९६० मध्ये क्लिफचं 'प्लीज डोन्ट टीझ' पहिल्या क्रमांकावर असताना त्याला खाली उतरवणारी रेकॉर्ड होती शॅडोजची 'अपाची'. त्याच वर्षीच्या 'मी अँड माय शॅडोज'मध्ये तंतुवाद्यं नाहीत, फक्त हे पाच जण. माझ्या मते त्याचा सुरुवातीचा सर्वांत चांगला अल्बम हाच. हँक मार्विनची गिटार इथे गायकाच्या ओळीनंतर उत्तर देते, मध्ये कधीच बोलत नाही.

त्यानंतरची काही वर्षं मी भरभर सोडतो. बीटल्स आले आणि हवा बदलली. १९६६ मध्ये त्याने आपली ख्रिस्ती श्रद्धा जाहीर केली, धार्मिक गाण्यांचे अल्बम सुरू झाले. १९६८ च्या युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गाण्याच्या स्पर्धेत 'काँग्रॅच्युलेशन्स' दुसरं आलं आणि घरोघरी पोचलं. सत्तरच्या सुरुवातीला विक्री घसरत गेली.

आणि मग १९७६. पॅरामोरच्या खुर्चीत आता ब्रूस वेल्च बसला. तोच, ज्याने 'लिव्हिंग डॉल'चा वेग उतरवला होता. त्याने नव्या लेखकांची गाणी शोधली आणि क्लिफला गाणं घाईने उरकू दिलं नाही. त्यातून 'आय अ‍ॅम निअर्ली फेमस' हा अल्बम झाला. त्यात 'डेव्हिल वुमन' आहे, जे अमेरिकेत सहाव्या क्रमांकावर गेलं. ब्रिटनमधल्या इतक्या यशानंतरही अमेरिकेने तोवर त्याला जवळजवळ दाद दिली नव्हती. तिथे ही रेकॉर्ड एल्टन जॉनच्या रॉकेट या लेबलने काढली. त्याच अल्बममधलं 'मिस यू नाइट्स' ऐकताना लक्षात येतं की हा गळा हळू आवाजात किती सांगू शकतो. वाद्यवृंद भरून येतो तेव्हा दुसरा कुणी गायक ओरडला असता. हा उलट आत ओढून घेतो.

१९७९ मध्ये अ‍ॅलन टार्नीने लिहिलेलं 'वी डोन्ट टॉक एनिमोर' आलं. निर्माता पुन्हा वेल्च. बहुतेक वाद्यं टार्नीने स्वतःच वाजवली, एकेक पट्टा भरत. १९५८ मधली सगळ्यांनी एकदम वाजवण्याची पद्धत इथे पूर्ण उलटली आहे. 'काँग्रॅच्युलेशन्स'नंतर अकरा वर्षांनी क्लिफ पहिल्या क्रमांकावर परतला. टार्नीच पुढे त्याचा निर्माता झाला: १९८१ चा 'वायर्ड फॉर साउंड', १९८७ चा 'ऑल्वेज गॅरंटीड'. १९७६ ते १९८१ ही सहा वर्षं माझ्या दृष्टीने या साऱ्या भांडाराचा गाभा आहेत. नाताळच्या गाण्यांमुळेच त्याला ओळखणाऱ्यांनी ही वर्षं ऐकलेलीच नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कायद्याची रेघ

आता मालकीचा प्रश्न. ब्रिटनमध्ये रेकॉर्डिंगवरचा हक्क पूर्वी ५० वर्षं टिकायचा, प्रकाशनाच्या वर्षअखेरीपासून मोजून. म्हणजे १९५८ चं 'मूव्ह इट' २००८ संपताच मोकळं झालं. कुणीही ते छापून विकावं, ईएमआयला विचारायची गरज नाही. अनोळखी कंपन्यांचे स्वस्त संच दिसतात ते यामुळे.

क्लिफने स्वतः ही मुदत वाढावी म्हणून अनेक वर्षं जाहीरपणे बाजू मांडली, इतकी की वृत्तपत्रं या बदलाला 'क्लिफचा कायदा' म्हणू लागली. २०११ मध्ये युरोपीय संघाने मुदत ७० वर्षं केली आणि ब्रिटनमध्ये ती १ नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाली. पण अट अशी की त्या दिवशी ज्याचा हक्क जिवंत असेल त्यालाच वाढ मिळेल. संपलेला हक्क परत येणार नाही.

ही रेघ कुठे पडते ते क्लिफच्या 'समर हॉलिडे' या चित्रपटात दिसतं. त्यातलं 'बॅचलर बॉय' सिंगल म्हणून १९६२ च्या अखेरीस आलं. त्याचा हक्क २०१२ बरोबर संपला. शीर्षकगीत 'समर हॉलिडे' १९६३ च्या फेब्रुवारीत आलं. त्याचा हक्क २०१३ च्या डिसेंबरअखेर संपायचा, त्याआधी दोन महिने कायदा लागू झाला आणि ते २०३३ च्या अखेरीपर्यंत सुरक्षित झालं. एकाच चित्रपटातली, काही महिन्यांच्या अंतराने आलेली दोन गाणी रेघेच्या दोन बाजूंना पडली. ज्याच्या नावाने कायदा ओळखला गेला, त्याचीच पहिली चार-पाच वर्षं त्यातून सुटली.

गीतकाराचा हक्क मात्र वेगळा चालतो. तो लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. इयान सॅमवेल २००३ मध्ये गेले, म्हणून 'मूव्ह इट'चे शब्द आणि चाल २०७३ च्या अखेरीपर्यंत सुरक्षित. जुनं रेकॉर्डिंग फुकट छापणाऱ्या कंपनीलाही गीतकाराचे पैसे द्यावेच लागतात.

त्या कायद्यात एक तरतूद मला फार योग्य वाटते. वाढलेल्या वीस वर्षांत कंपनीला त्या रेकॉर्डिंगमधून जे उत्पन्न मिळेल, त्यातला २० टक्के भाग एकरकमी बिदागीवर वाजवलेल्या सेशन वादकांसाठी बाजूला काढायचा. 'मूव्ह इट' रेघेच्या अलीकडे राहिल्यामुळे अर्नी शिअर यांच्या त्या गिटारला याचा लाभ नाही.

ईएमआय कंपनी पुढे विकली गेली, तिचे तुकडे झाले, आणि २०१३ मध्ये पार्लोफोन या नावाखालचा भाग वॉर्नरकडे गेला. क्लिफचं ईएमआयमधलं भांडार त्यात होतं. म्हणून अधिकृत आवृत्ती हवी असेल तर तळाशी पार्लोफोन किंवा वॉर्नर दिसतं का ते पाहायचं. काही रेकॉर्डी या भांडाराबाहेर जन्मल्या. १९९९ चं 'द मिलेनियम प्रेयर', म्हणजे येशूची प्रार्थना 'ऑल्ड लँग साइन'च्या चालीवर, ईएमआयने काढायला नकार दिला. ते पॅपिलॉन या छोट्या लेबलवर आलं आणि तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

आडवाटा

गाभा ऐकून झाला की आडवाटांना जावं. १९६३ च्या 'व्हेन इन स्पेन'मध्ये तो स्पॅनिशमध्ये गातो, १९६५ च्या 'व्हेन इन रोम'मध्ये इटालियनमध्ये. 'लकी लिप्स'ची जर्मन आवृत्ती जर्मनीत तुफान चालली. १९७५ चं 'हाँकी टाँक एंजल' हे सिंगल निघाल्यावर त्याला शीर्षकाचा खरा अर्थ (अमेरिकी बोलीत वेश्या) कळला, आणि आपल्या श्रद्धेला ते पटत नाही म्हणून स्वतःच्याच रेकॉर्डचा प्रचार करायला त्याने नकार दिला. १९९८ मध्ये रेडिओवाले आपलं नाव पाहूनच रेकॉर्ड बाजूला ठेवतात असं वाटल्याने 'कान्ट कीप धिस फीलिंग इन'ची नाचाची आवृत्ती त्याच्या बाजूने 'ब्लॅकनाइट' या टोपणनावाने स्टेशनांना पाठवण्यात आली. नाव नसताना ती वाजलीही.

पहिल्या आठवड्यासाठी मी एवढंच देईन: 'मी अँड माय शॅडोज' पूर्ण, मग 'फॉर्टी गोल्डन ग्रेट्स'चा साठच्या दशकाचा भाग, मग 'आय अ‍ॅम निअर्ली फेमस' आणि 'वायर्ड फॉर साउंड', हेडफोन लावून, मध्ये न थांबता. आणि 'मिस यू नाइट्स' लागेल तेव्हा शेवटच्या कडव्याआधी तो जिथे श्वास घेतो तिथे लक्ष द्या. साफसफाई करणाऱ्यांनी तो श्वास रीमास्टरमध्येही पुसलेला नाही.